भरलेली कपाटं

माझ्या नाकावर राग असतो असं सगळी शाळा म्हणते. म्हणू दे. नाक माझं, राग माझा. पण त्या संध्याकाळी तो नाकावर थांबला नाही, सरळ डोक्यात गेला, आणि तोही हातात डाव घेऊन मी वाढत असताना.

मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. मुलं मला ‘पुस्तकाच्या बाई’ म्हणतात. आमचे हे त्याच शाळेत गणित शिकवतात. सकाळी आम्ही एका दारातून बाहेर पडतो, शाळेच्या एकाच फाटकातून आत शिरतो, मग हे जिना चढून वर जातात आणि मी तळमजल्याच्या टोकाला, माझ्या खोलीत. दिवसभर आमचं एकमेकांशी काही काम पडत नाही. संसार टिकण्याचं तेही एक कारण असावं.

तर हे घास मोडता मोडता म्हणाले, “अगं, ती तुझी खोली आहे ना, ती मी मागितलीय.”

“कुठली खोली?”

“ग्रंथालयाची. गणिताच्या जादा तासासाठी. सातवीचा निकाल बघितलास ना? अर्ध्याहून जास्त पोरं आपटली. सगळ्यांना एकत्र बसवायचं तर तेवढी मोठी खोली दुसरी नाहीच. मोठ्या बाई हो म्हणतील असं दिसतंय.”

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. जो शेवटी भेटेल त्याचं खरं.

“आणि पुस्तकं?” मी विचारलं.

“व्हरांड्यात ठेवू की कपाटं. कुलूप घालून. अगदी सुरक्षित राहतील.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती जाताना मला कळली. “सुरक्षित? पुस्तकं काय चोर आहेत कोंडून ठेवायला? बाहेर कुणाशी लढावं तर घरातच भेदी! निदान मला विचारायचं तरी!”

“आता विचारतोय ना.”

“मागून झाल्यावर?”

सासूबाई शांतपणे जेवत होत्या. त्या म्हणाल्या, “सूनबाई, आधी वाढ त्याला. उपाशी माणसाशी भांडू नये, त्याच्या डोक्यात काही शिरत नाही.”

“आणि पोट भरल्यावर शिरतं का, आई?”

“छे. मग त्याला झोप येते.”

मी वाढलं. पण दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका खोलीसाठी एवढा थयथयाट कशाला? तर ऐका. पूर्वी शाळेतल्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून ग्रंथालयाचा एक तास होता. मुलं यायची, पुस्तकं निवडायची, वाचायची, भांडायची. मग पाचवीच्या तासावर विज्ञानाने हक्क सांगितला, सहावीचा खेळांच्या स्पर्धांच्या सरावाला गेला, वरच्या वर्गांचे परीक्षेच्या नावाखाली गेले. प्रत्येक वेळी कुणीतरी गोड बोलून म्हणायचं, “बाई, यंदापुरता हं.” यंदा काही संपेना. उरला तो सातवीचा एक तास, आणि मधल्या सुट्टीत धावत येणारी पोरं. आता तेवढंही जाणार होतं. खोली गेली की मुलं जाणार आणि मुलं गेली की मी तरी काय कपाटांच्या काचा पुसत बसू?

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनीच सांगितलं, “परवा अध्यक्ष खोली बघायला येतायत. बघून काय ते ठरवतील.”

आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांचं चष्म्याचं मोठं दुकान आहे. माणूस भला, पण जे डोळ्यांना दिसतं त्यावरच विश्वास. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, असं दाखवते की बघतच राहतील.

आणि इथे मी जो शहाणपणा केला ना, तो ग्रंथालय चालवणारं माणूसच करू जाणे.

आमच्या जातीला एकच सुख ठाऊक असतं: भरलेलं कपाट. कुठे फट नाही, कुठे पुस्तक आडवं नाही, सगळ्या पाठी एका रेषेत. हे दृश्य वर्षभरात कधी दिसत नाही, कारण पुस्तकं मुलांकडे असतात. मी ठरवलं, यावेळी दिसलंच पाहिजे. वर्गावर्गांतून फिरले आणि दवंडी पिटली, “ज्याच्याकडे जे पुस्तक असेल ते उद्या सकाळी परत. वाचून झालेलं असो की नसो!”

पोरांनी एकच कल्ला केला. सातवीतली टकळी (नाव वेगळं आहे, पण तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही म्हणून सगळे तिला टकळीच म्हणतात) रडकुंडीला आली. “बाई, माझी चारच पानं राहिलीत! तो विहिरीत उतरलाय आणि वरून दोर कापलाय. त्याला असाच ठेवून देऊ?”

“राहू दे दोन दिवस. मरत नाही तो.”

“तुम्ही शेवट सांगितलात!” ती किंचाळली. मी जीभ चावली. पण पुस्तक घेतलंच.

सकाळी पुस्तकांचा ढीग लागला. मी दिवसभर लावत बसले. फाटकी होती ती चिकटवली, मळकी होती त्यांना नवी वेष्टणं घातली. बाकं भिंतीला टेकवली, फरशी दोनदा पुसून घेतली. ओल्या फरशीवर पाय उमटू नयेत म्हणून मधल्या सुट्टीत मुलांना दारातूनच पिटाळलं. संध्याकाळी दाराशी उभी राहून बघितलं तर काय सांगू, खोली नव्या नवरीसारखी नटली होती. मला माझंच कौतुक वाटलं.

अध्यक्ष आले. मोठ्या बाई आल्या. मागे आमचे हे, चेहरा परक्यासारखा करून. अध्यक्षांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कपाटं बघितली. एक पुस्तक काढलं, नव्या वेष्टणावरून बोट फिरवलं, परत ठेवलं.

“वा, बाई वा! काय टापटीप आहे. एक पुस्तक इकडचं तिकडे नाही.”

मी फुलून गेले.

“म्हणजे कुणी हात लावत नाही तर,” ते म्हणाले.

“अं?”

“सगळी पुस्तकं जागच्या जागी आहेत, कोरी करकरीत आहेत. मुलं नेत असती तर मधे मधे रिकामं दिसलं असतं. तुमचा दोष नाही हो, हल्ली मुलं वाचतच नाहीत. मोठ्या बाई, मग ही खोली अडवून कशाला ठेवायची? पुस्तकं व्हरांड्यात छान राहतील. सोमवारपासून सरांना देऊन टाका.”

मी तोंड उघडलं. पण काय सांगणार? “हे सगळं मी तुम्हाला दाखवायला गोळा केलंय, एरवी अर्धी कपाटं रिकामी असतात”, असं? जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझी बोलती बंद केली, आणि ती कुणी केली म्हणाल तर मीच. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, आणि तोही आधी नीट पुसून, वेष्टण घालून!

घरी आल्यावर हे सरळ वह्या तपासायला बसले. मला तेच जास्त झोंबलं. शेवटी मीच म्हटलं, “घ्या, मिळाली ना खोली? आता पेढे वाटा आणि खूश व्हा.”

“मी खूश नाहीये गं,” हे म्हणाले. “मला खोली हवी होती, ती अशी नको होती. आणि खरं सांगू? जादा तास घेऊन तरी काय होणार तेच कळेना मला. ही पोरं ढ नाहीत. नुसती बेरीज-वजाबाकी, भागाकार घातले की फटाफट सोडवतात. पण तेच वाक्यात घाला, की पेन खाली ठेवतात. प्रयत्नसुद्धा करत नाहीत. मला वाटतं मलाच शिकवता येत नाही.”

इतकी वर्षं बघतेय, पण ह्यांचा चेहरा असा पडलेला मी क्वचितच बघितला. मी गुपचूप चहा करून समोर ठेवला. राग आहे हे कळावं म्हणून कप जरा आपटून ठेवला, इतकंच.

शनिवारी सातवीचा तास होता. शेवटचा. कपाटं सोमवारी हलवायची म्हणून मी त्यांना कुलपं लावली होती. मुलं आली आणि बंद काचांकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात आमचे हे टेप घेऊन हजर. फळा कुठे बसेल ते मोजायचं होतं त्यांना.

“मोजा, सर, मोजा,” मी म्हटलं. “मेलेल्याच्या अंगावरचं सोनं मोजायला उशीर कशाला?”

“बाई, आज काय वाचायचं?” टकळीने विचारलं.

माझं डोकं असं फिरलं होतं की समोर जे दिसेल ते उचलून फेकावं. दिसली ती ह्यांच्या हातातली सातवीची प्रश्नपत्रिका. मी ती ओढून घेतली. “आज हे वाचायचं. सरांनी लिहिलेली गोष्ट.” आणि त्यातला सर्वांत लांबलचक प्रश्न काढून मोठ्याने वाचला:

“एक टाकी एका नळाने तीन तासांत व दुसऱ्या नळाने सहा तासांत पूर्ण भरते. तळाशी असलेल्या छिद्रावाटे पूर्ण भरलेली टाकी सहा तासांत रिकामी होते. छिद्र उघडे असता व दोन्ही नळ एकाच वेळी सुरू केले असता रिकामी टाकी भरण्यास किती वेळ लागेल?”

ह्याच प्रश्नाला परीक्षेत जवळपास सगळ्यांनी पाठ दाखवली होती.

आता आमच्या तासाची एक रीत आहे. ज्याने जे वाचलं ते त्याने उठून आपल्या शब्दांत सांगायचं, फक्त शेवट सांगायचा नाही. ऐकणाऱ्यांनी वाटेल तिथे अडवायचं, “का?” म्हणून विचारायचं. सांगणाऱ्याला उत्तर देता आलं नाही तर त्याने परत पुस्तकात जाऊन बघायचं. मुलांना त्याची इतकी सवय की मी नुसती मान हलवली आणि टकळी उठली.

“एक बाई असते. तिच्या गच्चीवर एक टाकी असते. टाकीला दोन नळ. एक पळतो, दुसरा रेंगाळतो.”

“का रेंगाळतो?” मागून एकजण.

“बारीक आहे तो. पहिला तीन तासांत टाकी भरतो, ह्याला सहा लागतात. आणि टाकीला खाली भोक आहे.”

“मग ती बुजवत का नाही? येडी आहे का?”

“नवऱ्याला सांगून सांगून थकली असेल,” कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खो खो हसला. माझी नजर ह्यांच्याकडे गेली. आमच्याही न्हाणीघरात एक नळ गळतो. हे टेप गुंडाळायला लागले.

“भोकातून किती जातं?”

टकळीने प्रश्नपत्रिका मागून घेतली, ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. “भरलेली टाकी सहा तासांत रिकामी होते.”

“म्हणजे तो रेंगाळणारा जेवढं ओततो, तेवढंच खालून जातं?” एक पोरगा म्हणाला. हा मुलगा वर्गात कधी तोंड उघडत नसे.

मग पलीकडच्या बाकावरून, “अरे, मग तो नळ असून नसून सारखाच की! त्याचं सगळं भोकात!”

“म्हणजे टाकी एकटा पहिलाच भरतोय!”

“तीन तास!” सगळा वर्ग ओरडला. टकळी रागाने पाय आपटत म्हणाली, “शेवट नाही सांगायचा! मी सांगत होते ना!”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बाकावर बसले होते. टेप हातातून सुटून फरशीवर लोळत होती.

“मला छेद सारखे करून उत्तर काढायला लावायचं होतं,” हे हळूच म्हणाले. “एक अपूर्णांक मांडावा लागला नाही ह्यांना.” मग उठले आणि दुसरा प्रश्न वाचला. मुलांनी त्याचीही पिसं काढली. तिसऱ्याला अडकली, भांडली, चुकली, पुन्हा वाचून बरोबर आली. घंटा झाली ती कुणालाच ऐकू गेली नाही. मुलं गेल्यावर हे तरातरा मोठ्या बाईंच्या खोलीकडे चालायला लागले. मीही मागे धावले.

“मला खोली नको,” हे दारातूनच म्हणाले.

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो सर, काल हवी, आज नको! अध्यक्षांना मी काय सांगू?”

“त्यांना बोलवा. मीच सांगतो.”

अध्यक्ष दुपारी दुकान सोडून आले, तेव्हा वैतागलेलेच होते. ह्यांनी प्रश्नपत्रिका पुढे केली. “हा प्रश्न जरा वाचता, साहेब?”

अध्यक्षांनी स्वतःचा चष्मा पुसला, वाचला, पुन्हा वाचला, ओठ हलवत तिसऱ्यांदा वाचला. “हे छिद्र मधेच कुठून आलं? कुणी लिहिलंय हे?”

“मी,” हे म्हणाले. “मुलांचंही तुमच्यासारखंच होतं. पोरं गणितात कच्ची नाहीत, साहेब. माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. आज ह्या बाईंच्या तासाला पोचला. ह्यांच्याकडे मुलं वाचतात, वाचलेलं आपल्या शब्दांत सांगतात, अडतात, परत वाचतात. मला वर्षभर घसा फोडून जे जमलं नाही ते ह्यांनी एका तासात करून घेतलं. ती खोली मोडून मी तिथे गणित शिकवायचं म्हणजे विहीर बुजवून त्यावर पाणपोई घालण्यासारखं आहे.”

“पण पुस्तकांना कुणी हात लावत नाही, मी डोळ्यांनी बघितलं!”

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. “साहेब, ते नाटक मी केलं,” मी म्हटलं. कान लाल झाले होते, पण सांगून टाकलं. “तुम्हाला छान दिसावं म्हणून सगळ्या मुलांकडून पुस्तकं काढून घेतली. एकीचा नायक तर विहिरीत तसाच अडकलाय. एरवी माझी कपाटं बोडकी असतात. मला वाटलं भरलेलं ग्रंथालय तुम्हाला आवडेल. मला मेलीला एवढं कळू नये, की रिकामं दाखवायला हवं होतं!”

अध्यक्ष आधी डोळे वटारून बघत राहिले आणि मग असे हसले, असे हसले, की चष्मा हातात घ्यावा लागला. “बाई, माझ्या दुकानातही सगळे चष्मे जागेवर दिसले की मला झोप लागत नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. बरं, खोली राहिली तुमची. झालं समाधान?”

मोठ्या बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीही शहाणी बाई तिथे हात जोडून बाहेर पडली असती. पण मला भलत्या वेळी हुरूप येतो.

“नाही झालं,” मी म्हटलं. “नुसती खोली घेऊन काय करू? सातवीला जमलं कारण सातवीचा तास शिल्लक होता. बाकीच्या वर्गांचे तास गेलेत. सगळ्यांचे परत द्या.”

“कुठून देऊ?” मोठ्या बाई कळवळल्या. त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बोट दाखवलं. “मुंगी शिरायला जागा आहे का त्यात? कोण सोडणार आपला तास? विज्ञान सोडेल? भाषा सोडेल? तुम्हीच सांगा.”

खरं होतं ते. शाळेत माणूस एक वेळ पगार सोडेल, तास सोडणार नाही. मी वेळापत्रकाकडे बघत राहिले. सगळे चौकोन भरलेले. जिंकूनही हरल्यासारखं वाटलं मला, अगदी रडू येईल इतकं.

“गणिताचा घ्या,” हे म्हणाले.

“काय?”

“गणिताला प्रत्येक वर्गात रोज तास आहे. सातवी सोडून प्रत्येक वर्गातला आठवड्याचा एक काढा आणि ग्रंथालयाला द्या.”

“सर, आधीच निकाल असा, आणि तुम्ही तास कमी करताय?” मोठ्या बाईंचा आवाज चिरकला. “उद्या आणखी घसरला तर?”

“तर पालकांना मी तोंड देईन. तुम्ही माझं नाव सांगा.”

ह्या माणसाने उभ्या आयुष्यात कधी घंटेच्या आधी वर्ग सोडला नव्हता. तापाने फणफणलेले असताना तासाला गेले होते. साखरपुड्याच्या दिवशीसुद्धा सकाळचा तास घेऊन मग आले होते. त्यांना तासाची किंमत काय, ते मला विचारा. मोठ्या बाईंनी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी मान डोलावली, आणि बाईंनी पेन घेऊन एकेका चौकोनातलं ‘गणित’ खोडायला सुरुवात केली. प्रत्येक रेघेला ह्यांच्या पापण्या लवत होत्या. पण हे शेवटपर्यंत बघत उभे राहिले.

बाहेर आलो तर माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. सबंध व्हरांडा पोरांनी भरलेला, आणि मी, जिच्यापुढे सगळे चळाचळा कापतात ती, पदराने नाक पुसतेय. “अहो,” मी म्हटलं, “इतकं कशाला केलंत माझ्यासाठी?”

हे चालता चालता थांबले. जरा चिडूनच म्हणाले, “तुझ्यासाठी? छे गं. माझ्या मुलांना वाचता यायला हवं.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या तोंडून मला ह्याहून गोड काही ऐकायला मिळालेलं नाही.